देव हलवणारे

खोपोलीहून खालापूरकडे निघाले की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर महडचा फाटा लागतो. चवदार तळ्याचे महाड वेगळे, ते तिकडे दक्षिणेला, हे महड. अष्टविनायकांतला वरदविनायक इथला. देवळामागे तळे आहे. देवस्थानची परंपरा सांगते की १६९० मध्ये धोंडू पौडकर या भक्ताला त्या तळ्यात गणपतीची मूर्ती सापडली आणि १७२५ मध्ये पेशव्यांचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी तिच्यासाठी देऊळ बांधले.

दगडाचा देव तळ्यात गेला कसा? महाराष्ट्रात कुठल्याही गावी हा प्रश्न विचारा, उत्तर ठरलेले असते: परचक्र आले तेव्हा पुजाऱ्यांनी लपवला. हे उत्तर दर वेळी खरे नसते. झिजलेली किंवा खंडित झालेली मूर्ती पाण्यात सोडायची रीत जुनी आहे, तेव्हा तळ्यात सापडलेला प्रत्येक देव लपवलेलाच होता असे धरून चालता येत नाही. पण १६९० हे साल पाहिले की महडकरांचे उत्तर उडवूनही लावता येत नाही. १६८४ च्या अखेरीस कर्जतच्या डोंगरातला कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, मोगलांनी घेतला आणि तो परत मिळवण्याच्या झटापटीत मराठ्यांचा नारोजी त्रिंबक कामी आला. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांना ठार मारण्यात आले, नोव्हेंबरात रायगड पडला. पाठोपाठ मोगलांचा मातबरखान कल्याणच्या बाजूने उत्तर कोकणातले किल्ले घेत सुटला. या भागात एखाद्या गुरवाने त्या वर्षांत मूर्ती उचलून पाण्यात ठेवली असती, तर त्याला भित्रा कोणीच म्हटले नसते.

कर्जत-खालापूरचे दुखणे रस्त्याचे आहे. पनवेल आणि कल्याण ही बंदरे, वर देश, आणि दोहोंच्या मधे बोरघाट, कुसूर घाट आणि त्यांच्या आजूबाजूच्या लहानमोठ्या वाटा. कोंडाण्याची लेणी ज्या व्यापारी वाटेच्या आधाराने खोदली गेली, त्याच वाटेने पुढे फौजा उतरल्या. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान रायबागन या सरदारणीसह घाट उतरून आला आणि चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडीत पकडले. खंडणी आणि सामानसुमान ठेवून खान परत गेला. शौर्याची गोष्ट म्हणून हा प्रसंग शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. मला त्यातली दुसरीच बाजू दिसते. एवढी फौज घाट उतरते तेव्हा तिची खबर तिच्या आधी खाली पोचलेली असते. खिंडीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला निदान एक रात्र मिळते. त्या एका रात्रीत देवळाचे काय करायचे, याचा विचार आधीच झालेला असला तरच ती रात्र कामाची.

इथल्या बहुसंख्य देवांना हा विचार करावाच लागला नाही. ठाकरवाडीच्या किंवा कातकरवाडीच्या शिवेवर झाडाखाली बसलेला वाघोबा, शेंदूर फासलेला गावदेवीचा तांदळा, यांना ना दार ना दागिना. लुटायला काही नाही आणि फोडून कोणाचा पराभव जाहीर करावा असा राजाही पाठीशी नाही. फौजेचे लक्ष जाते ते जिथे पैसा साठतो किंवा राजाची सत्ता दिसते तिथे. म्हणून संकट मोठ्या क्षेत्रांवर आले, आणि तयारी कशी असायची हे पाहायचे तर त्याच क्षेत्रांकडे जावे लागते, कारण तिथे कागद उरले आहेत.

सर्वांत आधी गोवा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास त्या बेटावरची देवळे पाडली. १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी त्यांच्या हाती आली. तेव्हाच शहाण्या गावकऱ्यांना कळून चुकले असणार की आपली पाळी लांब नाही. साष्टीत खरा वणवा १५६७ मध्ये पेटला. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दिओगो रोद्रिगिश याच्या कारकिर्दीत एकट्या साष्टीत अडीचशेहून अधिक देवळे जाळली-पाडली गेली. पण अनेक प्रमुख देव तोवर घरात उरलेच नव्हते. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, मडगावचा दामोदर जांबावलीला. आज गोव्याला जाणारा मराठी माणूस फोंड्याच्या हिरव्या दरीत एकामागून एक देवळे पाहतो आणि ही भूमी मुळातच देवांची असावी असे समजून परततो. ती मुळात आश्रयाची भूमी आहे.

आणि आश्रय कोणाचा, हे नीट पाहण्यासारखे आहे. जुवारीच्या पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा होता. मंगेश, म्हाळसा, शांतादुर्गा या सगळ्यांना पहिले सुरक्षित छप्पर मिळाले ते एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. सुलतानाने त्यांच्यावर उपकार करायचे ठरवले होते असे नव्हे. त्याचे पोर्तुगिजांशी वैर होते आणि नदीपलीकडून येणारी सावकार-व्यापारी माणसे कोणाला नको असतील? पुजाऱ्यांना मात्र हिशेब पक्का ठाऊक होता. नदी हीच सरहद्द, होड्या आपल्याच लोकांच्या, आणि पलीकडे नातेवाईक. मूर्ती किंवा लिंग होडीत, सोबत कुळावी माणसे, पलीकडे एखाद्याच्या जमिनीत साधी झोपडी. पुढची शे-दीडशे वर्षे यांतले काही देव जवळजवळ तात्पुरत्याच निवाऱ्यात राहिले. आजची मोठी देवळे नंतरची, मराठ्यांच्या आमदानीतली. पेशव्यांकडचे रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने मंगेशी गाव देवाला इनाम मिळाले ते १७३९ मध्ये.

सगळ्यांनाच होडी वेळेवर मिळाली नाही. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, कदंब राजांचे कुलदैवत, देऊळ पाडल्यावर म्हणे एका विहिरीच्या काठी दगड म्हणून बसवला गेला होता. तिथून तो काढून डिचोलीतल्या नार्व्याला नेला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे नवे देऊळ बांधवले. त्याचा शिलालेख दारावर आहे.

एका गावाने मात्र शस्त्र उचलले. कुंकळ्ळीच्या गावकारांनी १५८३ च्या जुलैमध्ये गावात क्रूस उभारायला जागा शोधत आलेल्या जेझुइट पाद्र्यांवर हल्ला केला. पाच जेझुइट मारले गेले. त्यांत रुदोल्फो अक्वाविवा होता, नुकताच अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून परतलेला. नि:शस्त्र पाद्र्यांना असे मारणे हे शौर्य म्हणून सांगताना माझी जीभ अडखळते. पण त्याआधी त्या गावची देवळे पाडली गेली होती, हेही खरे. पोर्तुगिजांनी बदला घेतला तो बोलणी करायच्या मिषाने. गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही शिगम्यात बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या घेऊन सांत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. लढलेल्या गावाचा देवही शेवटी हलवावाच लागला. या एका गोष्टीत त्या काळच्या तयारीचे सगळे गणित आले: तलवारीने एक दिवस मिळतो, देवाला वर्षे लागतात.

देशावर तीच वेळ १६५९ मध्ये आली. विजापूरहून निघालेला अफझलखान तुळजापूर आणि पंढरपूर या दोन क्षेत्रांना उपद्रव देत वाईकडे गेला. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बसून बखर लिहिली. तो लिहितो की खानाने भवानीची मूर्ती फोडून जात्यात भरडली. तुळजापूरचे लोक सांगतात की खऱ्या मूर्तीला भोप्यांनी, म्हणजे देवीच्या पुजाऱ्यांनी, आधीच हलवले होते. इतिहासकारांत यावर मतभेद आहेत आणि ते मिटतील असे दिसत नाही. मला स्वतःला भोप्यांची बाजू अधिक पटते, आणि त्याचे कारण कुठल्या बखरीत नाही, देवीच्या वार्षिक कुळाचारात आहे.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावर कायमची जखडलेली नाही. वर्षातून तीनदा, भाद्रपदात नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी, देवीची मंचकी निद्रा असते. तेव्हा मूर्ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. दसऱ्याला ती पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालते. ही पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि तिचे मानकरी ठरलेले. जगातल्या किती मोठ्या देवस्थानांत गाभाऱ्यातली मुख्य मूर्तीच अशी वारंवार उचलली जाते? तीन फुटांच्या आसपासची शिळा सिंहासनावरून कशी सोडवायची, किती हात लागतात, कुठे धरायचे, कशात गुंडाळायची, अंधारात कोणत्या पायऱ्या टाळायच्या, हे भोप्यांच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले होते. या विधीचे मूळ संकटात आहे असे मी म्हणत नाही. त्याचा अर्थ देवीच्या विश्रांतीचा आहे आणि तोच राहो. पण ज्यांना वर्षातून तीनदा देव उचलण्याचा सराव आहे, त्यांना खानाची फौज चार मजलांवर आली असताना एकदा जास्त उचलणे अवघड गेले नसावे.

पंढरपूरची मूर्तीही तशी अवाढव्य नाही, पावणेचार फुटांची. तिच्या प्रवासांची आठवण आणखी जुनी. विजयनगरला नेलेला विठ्ठल भानुदासाने परत आणला ही कथा वारकऱ्यांना पाठ आहे आणि हंपीचे विठ्ठल मंदिर आज मूर्तीवाचून उभे आहे. अफझलखानाच्या वेळी बडव्यांनी मूर्ती हलवली. पण सर्वांत तपशिलाने कळते ते त्यानंतरचे प्रकरण, आणि त्यासाठी ग. ह. खरे यांचे उपकार मानायला हवेत. पंढरपूरचे जुने कागद धुंडाळून त्यांनी देवळाचा इतिहास कथांच्या तावडीतून सोडवला.

१६९५ मध्ये औरंगजेबाने आपली छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला आणली. भीमेचाच काठ, पंढरपूरच्या खालच्या अंगाला. गावाचे नाव बदलून त्याने इस्लामपुरी केले आणि १६९९ पर्यंत बादशहा, शहजादे, वजीर, बाजारबुणगे असे अख्खे राजधानीचे शहर तिथे नांदले. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला आलेल्या पुराने या छावणीचा काही भाग धुऊन नेला, तरी ती हलली नाही. अफझलखान आला आणि गेला. हा शेजारी चार वर्षे राहिला. अशा वेळी मूर्ती एक-दोन रात्री शेतात ठेवून भागत नाही. बडव्यांनी विठ्ठल देगावला नेला, पंढरपूरहून फार लांब नाही अशा खेड्यात, आणि तिथल्या घाडगे पाटलांच्या हवाली केला. मूर्ती विहिरीत ठेवली गेली. छावणी उठल्यावर ती परत आली.

देगाव इतके जवळ का? डोंगरात, साताऱ्याला, कुठेही लांब नेता आली असती. इथे गोव्याशी तुलना करून पाहावी. गोव्यात सरहद्द ओलांडता येत होती. पंढरपूरच्या चहूबाजूंना मोगलच होते, लांब जाणे म्हणजे अधिक चौक्या, अधिक डोळे. जवळच्या खेड्यात नेले तर गाडीची एक फेरी, एक पाटील आणि एक विहीर. देवाचे उपचार चोरून का होईना चालू ठेवता येतात. बादशहाच्या नाकाखाली लपवणे यात धाडस दिसते. प्रत्यक्षात तो सर्वांत थंड डोक्याचा हिशेब होता.

त्या हिशेबात सर्वांत नाजूक भाग माणसांचा. विठ्ठलाचे बडवे, त्यांच्याखाली सात सेवाधारी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. कोणी पाणी आणायचे, कोणी मंत्र म्हणायचे, कोणी आरसा दाखवायचा, कोणी दिवटी धरायची, कोणी चांदीची काठी घेऊन उभे राहायचे. या घराण्यांनी एकमेकांशी उत्पन्नावरून आणि मानावरून शतकानुशतके भांडणे केली. शासनाशीही ती लढली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. दक्षिणेचा एक पैसा इकडचा तिकडे झाला तर पंचायत बसवणारी ही माणसे चार वर्षे एक गुपित सांभाळून होती. एकानेही छावणीत जाऊन देगावचे नाव घेतले असते तर बक्षीस मिळाले असते. कोणी घेतले नाही. पाटलाचेही तेच. देव आपल्या विहिरीत आहे ही गोष्ट कुठल्या पाटलाला गावभर मिरवावीशी वाटणार नाही? घाडग्यांनी ती पोटात ठेवली आणि वेळ आली तेव्हा मूर्ती परत दिली. देव ठेवून घेणे, त्याचे नवे क्षेत्र करणे, त्यावर उत्पन्न लावणे हे सहज शक्य होते. दुसऱ्या अनेक ठिकाणी तसे घडलेही आहे.

याच काळात, १६८५ पासून, तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा देहूहून पालखी नेऊ लागले असे परंपरा सांगते. म्हणजे वारीला आजचे रूप येत होते ती नेमकी हीच वर्षे, जेव्हा विठ्ठल राउळात असेलच याची खात्री नव्हती. वारकरी तरीही येत राहिले.

मूर्ती हलवणे हा शेवटचा उपाय. त्याआधीचा उपाय कागदाचा. चिंचवडच्या देव घराण्याच्या दप्तरात निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे अशा सगळ्या सत्तांच्या सनदा जमत गेल्या. यात काही जणांना लाचारी दिसते. पुणे प्रांतात राहून, दर पाच-दहा वर्षांनी मालक बदलत असताना, ज्याच्या त्याच्याकडून अभय लिहून घेणे याहून शहाणपणाचा दुसरा तट मला दिसत नाही. हल्ला करणाऱ्या फौजेचा सरदार कागदाला मान देईलच असे नाही, पण त्याच्या कारकुनाला तो दाखवता येतो, आणि पुष्कळदा गाव कारकुनाच्याच शब्दावर वाचते.

फौजेच्या बाजूने जे नियम असतात तेही तयारीतच मोजायला हवेत. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, शिवाजी महाराजांना शिव्या दिल्याशिवाय त्याचे पान संपत नाही. तोच लिहितो की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही असा महाराजांचा आपल्या सैन्याला दंडक होता आणि हाती आलेले कुराण ते आपल्या मुसलमान चाकरांकडे सोपवत. शत्रूने दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे, म्हणून त्याचे मोल जास्त. देवळाची किंवा मशिदीची भिंत जाड करण्यापेक्षा समोरच्या शिपायाला आधी सांगून ठेवणे स्वस्त पडते. ते सांगणारा धनी मात्र क्वचित मिळतो.

दगडी तट आले ते सगळ्यांत शेवटी, आणि गंमत अशी की धोका ओसरल्यावर. जेजुरीचा गड आज किल्ल्यासारखा दिसतो. त्याचे बरेचसे भरभक्कम बांधकाम होळकरांच्या काळातले, अठराव्या शतकातले आहे, जेव्हा पुण्याच्या इतक्या जवळ मोगलांची फौज येण्याची शक्यता जवळजवळ उरली नव्हती. औरंगजेबाच्या वेळी खंडोबाला वाचवले ते भुंग्यांनी, अशी जेजुरीची आख्यायिका. फौज चालून आली तेव्हा भिंतीतून भुंगे निघाले आणि शेवटी बादशहालाच सोन्याचा-हिऱ्याचा भुंगा देवाला वाहावा लागला. तट नसलेल्या काळासाठी लोकांनी भुंगे योजले, हे मला फार बोलके वाटते. महडचे देऊळ १७२५ चे, तेही याच शांततेचे अपत्य. खोपोलीत नाना फडणिसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि मोठे तळे आहे, ते तर थेट घाटाच्या पायथ्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर. त्याच्या शंभर वर्षे आधी अशा जागी देऊळ बांधायला कोणी धजले नसते. जो राजा आपल्या देवाला हमरस्त्यावर बसवतो, त्याला आपल्या फौजेवर भरवसा असतो.

आणि भरवसा आला की हल्ला करण्याची पाळी आपली येते. १७३७ ते १७३९ या मोहिमेत चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून साष्टी (गोव्यातली नव्हे, मुंबईजवळची) आणि वसई घेतली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यावर पोर्तुगिजांनी चर्च आणि मठ उभारला होता, तिथे पुन्हा शंकराची पूजा सुरू झाली. वसई मे १७३९ मध्ये पडली तेव्हा तहाने शिबंदीला आणि रहिवाशांना सामानासह बाहेर पडू दिले गेले. त्या शतकाच्या मानाने हा सभ्य शेवट होता. चर्चच्या घंटा मात्र मागे राहिल्या, आणि विजयाच्या खुणा म्हणून देशभर गेल्या. पालीच्या बल्लाळेश्वराला एक मिळाली. भीमाशंकरला एक आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. कर्जतचे लोक खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने वर चढतात तेव्हा हीच घंटा वाजवतात. ओतली गेल्यावर दहा वर्षांत तिचे धर्मांतर झाले. गोव्यात देवळे पाडणाऱ्यांच्या घंटा होत्या, तेव्हा हळहळ वाटू नये असे कोणी म्हणेल. मला वाटते, वसईत ती घंटा ऐकून रोज उठणाऱ्या कोळ्याला किंवा कुणब्याला गोव्यातल्या कप्तानाचे नावही माहीत नव्हते.

१७८१ मध्ये बोरघाटाने आणखी एक फौज पाहिली. फेब्रुवारीत इंग्रजांचा जनरल गॉडर्ड घाट घेऊन खोपोलीत तळ देऊन बसला. पुणे गाठण्याचा त्याचा बेत होता. मराठ्यांनी समोरासमोर लढण्याऐवजी त्याची रसद तोडली. मार्चमध्ये चौकच्या आसपास, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यातच, परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून येणाऱ्या तांड्यांवर हल्ले केले आणि एप्रिलमध्ये गॉडर्डला मार खात पनवेलला परतावे लागले. आपल्या मुलखात परक्या फौजेला कसे जेरीस आणायचे हे भाऊंना चांगले माहीत होते.

दहा वर्षांनी हेच परशुरामभाऊ टिपूविरुद्धच्या मोहिमेत कर्नाटकात होते, या वेळी इंग्रजांचे दोस्त म्हणून. १७९१ मध्ये मराठी फौजेतल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचे पीठ, शारदेचे स्थान. माणसे मारली गेली, मठाची चीजवस्तू गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. स्वामी सच्चिदानंद भारती जीव वाचवून कारकळला गेले. मठाने कोणाच्या विरुद्ध तयारी ठेवली असेल-नसेल, हिंदुपदपातशाहीच्या फौजेविरुद्ध नक्कीच ठेवली नसणार. सरदारांनी आज्ञा दिली नव्हती, पेंढारी आवरले नाहीत, अशी सारवासारव नंतर झाली. पेंढारी फौजेबरोबर कशासाठी नेतात हे मात्र प्रत्येक सरदाराला माहीत असते. महाराजांचा तो जुना दंडक शंभर वर्षांत कुठे सांडला, याचे उत्तर पुण्याच्या दरबाराने द्यायला हवे होते.

स्वामींनी गाऱ्हाणे लिहिले ते टिपू सुलतानाला. टिपूने रोख रक्कम, धान्य आणि शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी लागेल ते सामान देण्याचे हुकूम आपल्या बिदनूरच्या अधिकाऱ्याला सोडले, आणि सोबत, अशी पापे करणारे लवकरच त्याची फळे भोगतील, अशा आशयाचे पत्र धाडले. त्याचाही त्यात स्वार्थ होता. शत्रूच्या फौजेची बदनामी आणि आपल्या राज्यातल्या मोठ्या मठाचा आशीर्वाद दोन्ही त्याला हवे होते. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे नरसिंहाचार मठाची दप्तरे तपासत होते, तेव्हा कन्नडमधला हा पत्रव्यवहार त्यांच्या हाती लागला. शारदेची पुन्हा स्थापना झाली होती ती टिपूच्या पैशाने.